बारा मीटरांत मावणारी सुट्टी

रिव्हर क्रूझची माहितीपत्रकं चाळली की पानोपानी तेच दिसतं. जमिनीपासून छतापर्यंत काच असलेली केबिन, कडक इस्त्रीच्या चादरीचा पलंग, काठावर टेकडी आणि टेकडीवर किल्ला. जहाजाच्या कौतुकाला चार पानं आणि नदीच्या वाट्याला एक नकाशा. साहजिकच पहिल्यांदा जाणारा माणूस जहाज निवडत बसतो. याची केबिन मोठी, त्याचं जेवण चांगलं, तिसऱ्याकडे सायकली फुकट. मला विचाराल तर हा क्रम उलटा हवा. आधी नदी ठरवावी, मग महिना, मग प्रवाहाची दिशा, आणि जहाज सगळ्यात शेवटी. एकाच नदीवरची जहाजं एकमेकांपेक्षा फार वेगळी नसतातच. वेगळं होण्याची त्यांना सोयच नाही.

युरोपातलं उदाहरण घेऊ. ऱ्हाईन उत्तर समुद्राला मिळते, डॅन्यूब काळ्या समुद्राला. या दोन नद्या जोडाव्यात ही कल्पना इतकी जुनी की शार्लमेन बादशहाने ७९३ सालीच तसा कालवा खणायला घेतला होता. आज वापरात असलेला माइन-डॅन्यूब कालवा मात्र पुरा झाला तो १९९२ मध्ये. माइन ही ऱ्हाईनला मिळणारी नदी, म्हणून तिच्यामार्फत दोन्ही जोडल्या गेल्या. जर्मनीतल्या बामबेर्गपासून केलहाइमपर्यंत १७१ किलोमीटर. मधला उंचवटा ओलांडायला त्यावर १६ लॉक, म्हणजे पाण्याबरोबर जहाज वर-खाली करणाऱ्या दारबंद कोठड्या, आहेत, आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावर जहाज समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर तरंगत असतं. या लॉकची लांबी १९० मीटर आणि रुंदी १२.

या १२ मीटरांनी पुढचं सगळं ठरवून टाकलं. त्यातून जायचं तर जहाज साधारण ११.४ मीटर रुंदच बांधावं लागतं, म्हणून ते लांबीत वाढवतात, पार १३५ मीटरपर्यंत. मधून अरुंद बोळ, दोन्ही अंगांना केबिनी, तीन मजले आणि वर उघडा डेक. प्रवासी दोनशेच्या आत. बाहेर खुर्ची टाकता येईल अशी बाल्कनी हवी असेल तर तेवढी जागा केबिनमधूनच काढून घ्यावी लागते, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला ‘फ्रेंच बाल्कनी’ येते. सरकती काच, आणि काच सरकवली की लगेच कठडा. उभं राहून बाहेर बघायला पुरते.

समुद्रावरच्या जहाजांची सवय असलेली माणसं पहिल्या संध्याकाळी थोडी हिरमुसतात. नाट्यगृह नाही, कॅसिनो नाही, पाण्याच्या घसरगुंड्या नाहीत. एक जेवणघर, एक बैठकीचा हॉल, फार तर एक छोटा तलाव. रात्री दहानंतर सामसूम. लहान मुलांना घेऊन जावं का, असं कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. सहप्रवासी बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात आणि मुलांना दुसऱ्या दिवसापासून कंटाळा येतो. उलट ज्यांना जहाज म्हटलं की पोटात ढवळतं, त्यांनी मात्र बिनधास्त जावं. नदीत लाटा नसतात. ग्लासातलं पाणीसुद्धा हलत नाही, आणि आपण निघालो हे कळायला खिडकीबाहेर बघावं लागतं.

लॉक मात्र नीट बघण्यासारखा असतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. दोन दारांच्या मधली पाण्याची कोठडी, एवढंच त्याचं स्वरूप. जहाज आत शिरलं की मागचं दार लागतं, वरच्या बाजूचं पाणी आत सोडतात आणि पाण्याबरोबर जहाज वर येतं. पाणी आपल्या वजनाने खाली येतं, त्याला पंप लागत नाही. माइन-डॅन्यूब कालव्यावर हिल्पोल्टश्टाइनसारख्या तीन ठिकाणी जहाज एका दमात २४.६७ मीटर चढतं. उंचवट्यावर पाण्याचा तोटा, म्हणून लॉकच्या शेजारी पायरीपायरीने हौद बांधलेत. खाली जाणाऱ्या जहाजाचं पाणी त्यांत साठवून पुढच्या वेळी परत वापरतात. निम्म्याहून अधिक पाणी असं वाचतं.

आतून हे कसं दिसतं ते सांगते. केबिनची काच सरकवली की भिंत हाताला लागेल इतकी जवळ, जेमतेम फूटभरावर. (हात लावू नका. खलाशी ओरडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.) काळपट, ओलं काँक्रीट, त्यावर शेवाळाचे पट्टे, फटींतून झिरपणारं पाणी आणि तळघरासारखा गार वास. भिंतीत उभी खाच असते आणि त्या खाचेत एक लोखंडी खुंट. जहाजाचा दोर त्याला अडकवतात. पाणी चढेल तसा तो खुंटही तरंगत वर सरकतो, आणि सरकताना कण्हल्यासारखा आवाज करतो. पहिल्या रात्री या आवाजाने दचकून उठलेली माणसं सकाळी नाश्त्याला एकमेकांना विचारत असतात, रात्री काय झालं हो? खिडकीतून पाहावं तर फक्त भिंत, आणि ती सावकाश खाली चाललेली.

केबिन निवडताना हे आवाज लक्षात घ्यावेत. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर असते. पुढच्या टोकाला, लॉकमध्ये शिरताना किंवा धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवणाऱ्या पंख्याचा आवाज, तोही बहुधा पहाटे तीनला. मधल्या केबिनी शांत. सगळ्यात खालच्या मजल्यावर खिडकी लहान, छताजवळ आणि न उघडणारी. पाण्याची रेषा तिच्या थोडीशीच खाली. ती केबिन स्वस्त असते, आणि दिवसभर बाहेर किंवा डेकवरच असणार असाल तर घ्यायला हरकत नाही. मात्र लिफ्ट बऱ्याच जहाजांवर त्या मजल्यापर्यंत जात नाही, आणि सगळ्यात वरच्या डेकवरही नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर नोंदणीच्या आधीच विचारून घ्या. महागातली बाल्कनीची केबिन घेणाऱ्यांनाही एक गोष्ट माहीत असावी. धक्क्यावर जागा कमी आणि जहाजं फार, म्हणून ती एकमेकांना खेटून बांधतात, दोन-दोन, तीन-तीन. किनाऱ्यावर जायला दुसऱ्याच्या हॉलमधून जावं लागतं, आणि सकाळी पडदा बाजूला केला तर समोर किल्ल्याऐवजी दात घासणारा अनोळखी माणूस. पडदा उघडण्याआधी कपडे घाला, हा सल्ला मी गंभीरपणे देते आहे.

रुंदी लॉकने ठरवली, तशी उंची पुलांनी. माइन-डॅन्यूब कालव्यावर पुलाखाली सहा मीटरच मोकळी जागा धरलेली आहे. त्यामुळे जहाज चालवायची खोलीसुद्धा खाली-वर होणारी बांधतात. पूल जवळ आला की खलाशी डेकवरच्या छत्र्या मिटतात, खुर्च्या आडव्या करतात, कठडे पाडतात, आणि कप्तानाची अख्खी खोली हळूहळू डेकच्या पोटात उतरते. मग छताची झडप उघडून कप्तान डोकं बाहेर काढतो, पुलाचा अंदाज घेतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी ते आत ओढून घेतो. हा प्रकार बघायला मजा येते, पण बहुतेक वेळा प्रवाशांना तेव्हा डेकवर येऊच देत नाहीत. ज्या मार्गावर असे पूल ओळीने आहेत, तिथे वरचा डेक अख्खा दिवस, कधी दोन दिवस बंद राहतो. ‘डेकवर पडून किल्ले बघायचे’ एवढ्याच हेतूने जाणार असाल तर कालव्याचा टप्पा असलेली लांब सहल पहिल्या वेळी नको.

राहता राहिली पाण्याची खोली. ते माप मात्र रोज बदलतं, आणि सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप तिथे आहे.

ऱ्हाईनच्या काठी काउब नावाचं लहानसं गाव आहे. समोर पात्राच्या मधोमध खडकावर एक पांढरा छोटा किल्ला, स्वतःच जहाजासारखा दिसणारा. प्रवासी त्याचे फोटो काढतात. जहाजवाले मात्र काउबकडे बघतात ते तिथल्या पाणीपातळीच्या मोजपट्टीसाठी, कारण मधल्या ऱ्हाईनचा सगळ्यात उथळ भाग तिथेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या मोजपट्टीवर २५ सेंटिमीटर पाणी होतं. हा आकडा म्हणजे थेट खोली नाही. त्यात सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर मिळवले की जहाजं जातात त्या पट्ट्यातली खोली कळते. प्रवासी जहाजाचं बूड पाण्याखाली साधारण दीड मीटर असतं. हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण जर्मनीतल्या पासाउचं. तिथे डॅन्यूबला इन आणि इल्त्स या दोन नद्या मिळतात. जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं. १५०१ नंतर एवढा पूर आला नव्हता. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या पातळ्या वर्षांसकट नोंदलेल्या आहेत. त्यांच्याखाली उभं राहून मान वर केली की फरसबंदीवरच्या कॅफेंकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. पाणी फार झालं की जहाज पुलाखालून जात नाही, फार कमी झालं की तळ लागतो, आणि या दोन टोकांच्या मधे जी पातळी असेल तीवर तुमची सुट्टी.

अशा वेळी कंपन्या काय करतात ते आधीच माहीत असलेलं बरं. पहिला उपाय बसचा. जहाज जिथे असेल तिथे हॉटेलासारखं उभं राहतं आणि माणसं रोज बसने गावं बघून येतात. दुसरा उपाय जहाज बदलण्याचा. एकाच कंपनीची दोन जहाजं अडलेल्या टप्प्याच्या दोन बाजूंना असतील तर प्रवाशांची अदलाबदल करतात. तुम्ही सामान बांधून दाराबाहेर ठेवायचं, बसने पलीकडे जायचं, आणि तिथल्या जहाजावर बहुधा त्याच क्रमांकाच्या केबिनमध्ये तुमचं सामान आलेलं असतं. तोच पलंग, तोच दिवा, तसाच गालिचा. जहाजं एकसारखी असण्याचा फायदा होतो तो असा. पैसे परत मिळणं मात्र कठीण. पाण्यानुसार मार्ग बदलू शकतो, हे करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच. ते वाचा, आणि प्रवास विमा घेताना ‘सहल रद्द’ आणि ‘सहलीत बदल’ या दोन गोष्टींचं वेगवेगळं उत्तर मागा. पहिलीला भरपाई देणारे अनेकजण दुसरीला देत नाहीत.

यावरून महिना ठरतो. वसंतात बर्फ वितळून पाणी चढतं, उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत ते उतरतं. मे-जून मला त्यातल्या त्यात भरवशाचे वाटतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षमळे पिवळे पडतात, हवा सुरेख असते, आणि मोजपट्टी खाली सरकत असते. एल्ब नदी तर मुळातच उथळ. पहिल्या सहलीसाठी मी तिचं नाव काढणार नाही. डिसेंबरात नाताळच्या बाजारांसाठी जहाजं निघतात. बाजारांसाठीच जाणार असाल तर जरूर जा, पण साडेचारला अंधार पडतो आणि किल्ले-दऱ्या बघायच्या राहून जातात.

दिशेचा विचार तर कुणी करतच नाही. पासाउ ते बुडापेस्ट आणि बुडापेस्ट ते पासाउ, भाडं सारखं, गावं तीच. मधे मेल्क ते क्रेम्स हा ऑस्ट्रियातल्या वाखाउ खोऱ्याचा टप्पा येतो. ३६ किलोमीटरच्या आसपास, २००० पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला. इथे डॅन्यूब बंधाऱ्यांनी अडवलेली नाही, तिला खरी ओढ आहे. प्रवाहाबरोबर हा टप्पा दीड-पावणेदोन तासांत संपतो. उलट दिशेने जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हीच गोष्ट ऱ्हाईनच्या बिंगेन ते कोब्लेंत्स या किल्ल्यांच्या दरीत. तिथे लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा नदीला वळायला लावतो, आणि वळणापलीकडून कोण येतंय हे दिसत नसल्याने काठावर जहाजांसाठी दिव्यांच्या खुणा लावलेल्या आहेत. बघायचं असेल तर प्रवाहाविरुद्धची सहल घ्या. तेवढ्याच पैशांत नदी जास्त वेळ पुरते. त्या दरीत रात्रीचा मुक्काम असेल तर कानात घालायचे बोळे मात्र बरोबर ठेवा. दोन्ही काठांवर रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धावतात.

माहितीपत्रक वाचताना गावाच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघावं. ‘प्राग ते बुडापेस्ट’ असं छापलेलं असलं तरी त्या सहलीत जहाज प्रागला जात नाही. प्राग डॅन्यूबवर नाहीच. तिथे हॉटेलात दोन रात्री आणि मग बसने जहाजापर्यंत. डॅन्यूबच्या सहलीतलं साल्झबुर्गही तसंच, धक्क्यापासून बसने दीड-दोन तास. न्यूर्नबेर्गला जहाज लागतं ते कालव्यावरच्या मालधक्क्यांच्या बाजूला, जुन्या गावापासून दूर. उलट व्हिएन्ना सोडून बाकी बरीच गावं अशी की जहाजातून उतरून पाच मिनिटांत चौकात.

दिवसाच्या वेळापत्रकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी कानात यंत्र लावून वाटाड्यामागे चालायचं, दुपारी मोकळं, संध्याकाळी उद्याचा कार्यक्रम सांगतात, मग जेवण. गावांतले रस्ते दगडी आणि ओबडधोबड. बुटांपेक्षा कपड्यांवर जास्त खर्च करणारे तिसऱ्या दिवशी लंगडतात. सगळ्या पायपिटीला गेलंच पाहिजे असं काही नाही. गट निघून गेल्यावर रिकाम्या डेकवर बसलं की नदीवरची खरी रहदारी दिसते. वाळू, कोळसा, धान्य वाहणारे लांबलचक मालवाहू तराफे, त्यांच्या मागच्या टोकाला पडदे लावलेलं छोटंसं घर, कुंड्या आणि छतावर चक्क मोटार. त्यावर कुटुंबं राहतात. वर चढणारं एखादं जहाज नेहमीच्या उलट बाजूने जाऊ इच्छित असेल तर निळी पाटी उभारून तीवर पांढरा दिवा लुकलुकवतं आणि समोरचा तशीच पाटी दाखवून होकार देतो. तासभर बसलं की आपल्यालाही हे वाचता येतं. काठावरच्या किलोमीटरच्या पाट्यांचंही तसंच. ऱ्हाईनचे आकडे उगमाकडून मोजतात, कॉन्स्टान्सच्या पुलापासून. डॅन्यूबचे मात्र मुखाकडून. व्हिएन्नाजवळ १९२९ दिसलं तर ते साल समजू नये, काळा समुद्र तेवढे किलोमीटर लांब आहे.

व्हिसा लागणाऱ्यांसाठी एक सूचना. डॅन्यूब दहा देशांतून किंवा त्यांच्या सीमेवरून वाहते. बुडापेस्टच्या खाली गेलात तर सर्बिया लागतो, तो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथून पुढे बल्गेरिया-रोमानियात शिरलात की परत शेंगेन. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा सहलीला चालत नाही, आणि ही चूक कंपनीच्या लक्षात येईलच असं नाही.

बाकीच्या नद्यांचे नियम त्यांचे त्यांचे. नाईलवर लक्सर ते अस्वान या टप्प्यात पाण्याची चिंता कमी, कारण वर धरण आहे. एस्नाच्या लॉकपाशी जहाज थांबलं की विक्रेते होड्यांतून येऊन चादरी आणि झगे गुंडाळी करून थेट डेकवर फेकतात. भाव खालून ओरडून ठरतो, आवडलं नाही तर गुंडाळी परत खाली. पोर्तुगालच्या डोउरो नदीवर पाच धरणं, त्यांतला कारापातेलोचा लॉक सुमारे ३५ मीटरचा, आणि रात्री जहाज चालवायला मनाई; त्यामुळे जे काही दिसायचं ते दिवसाउजेडी दिसतं. मेकाँगवर कोरड्या महिन्यांत तोन्ले साप सरोवरात मोठी जहाजं जात नाहीत, तेवढा रस्ता बसचा. गंगेवरून ब्रह्मपुत्रेपर्यंतची, २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून सुटलेली ‘गंगा विलास’ची सहल ५१ दिवसांची आणि ३,२०० किलोमीटरची आखलेली होती, जहाजात जागा ३६ प्रवाशांची. पहिल्या खेपेला कुणी एवढ्या लांब पल्ल्याचं घेऊ नये. महिना-दोन महिने एकाच जहाजावर राहणं आपल्याला जमतं का, हे आठवड्याच्या सहलीत आधी बघून घ्यावं.

आणि पहिली नदी कुठली, तर माझं मत डॅन्यूब, आणि त्यातही पासाउ-बुडापेस्टच्या मधला टप्पा. पासाउच्या वर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा बंधाऱ्यांशिवायचा उथळ भाग आहे, कमी पाण्यात जहाजं अडकतात ती बहुधा तिथे. पासाउपासून पुढची सहल तो टाळूनच सुरू होते. ५८० किलोमीटर, ११ लॉक, वाखाउ, तीन राजधान्या. या टप्प्यावर लॉकही बहुतेक २४ मीटर रुंदीचे, दोन जहाजं शेजारी-शेजारी मावतात. बुडापेस्टहून वर येणारी सहल मिळाली तर उत्तम.

सहल सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचावं. विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. तशी वेळ आलीच तर फार घाबरूही नका. धक्क्यावरून वेळापत्रक विचारून घ्या आणि पुढच्या गावाची रेल्वे पकडा. जहाज ताशी वीस किलोमीटरच्या पुढे फारसं जात नाही, शिवाय वाटेत त्याला लॉकबाहेर रांगेत उभं राहायचं असतं. सकाळी ते धक्क्याला लागेल तेव्हा तुम्ही बॅगा घेऊन आधीच तिथे उभे असाल.